प्राथमिक आरोग्यसेवा आणि मनाचे आरोग्य : एका संबंधाचा इतिहास

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आरोग्याच्या क्षेत्रात दोन विचारप्रवाह जवळजवळ एकाच वेळी बळावले. त्यांपैकी एक प्राथमिक आरोग्यसेवेचा. आजारी माणसाने मोठ्या इस्पितळाच्या दारापर्यंत येण्याची वाट न पाहता आरोग्यसेवेनेच त्याच्या वस्तीपर्यंत जावे, आणि त्या सेवेचा काही भार वस्तीतील माणसांनीच उचलावा, असा त्याचा गाभा. दुसरा प्रवाह सामुदायिक मानसिक आरोग्याचा. मनोरुग्णाला भिंतीआड ठेवून समाजापासून तोडण्याऐवजी त्याच्या घरात, त्याच्या माणसांत ठेवूनच त्याच्यावर उपचार करावेत, असा त्याचा आग्रह. हे दोन्ही प्रवाह एकाच उगमापासून निघाल्यासारखे वाटतात. तरीही प्रत्यक्षात ते बराच काळ वेगळे वाहिले, आणि एकत्र आले तेव्हाही पुरते मिसळले नाहीत. असे का झाले, आणि ते जेथे खरोखर मिसळले तेथे काय घडले, याचा ऐतिहासिक आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ख्रिस्ती वैद्यकीय सेवेचा या इतिहासाशी निकटचा संबंध असल्याने आपल्या वाचकांना तो परका वाटू नये.

भिंतीआडची व्यवस्था

हिंदुस्थानात ब्रिटिश अमदानीत मनोरुग्णांसाठी जी व्यवस्था उभी राहिली ती मूलतः बंदोबस्ताची होती. ठाणे, येरवडा, रत्नागिरी, नागपूर, धारवाड येथील मनोरुग्णालये आपल्या भागातील लोकांना 'वेड्यांची इस्पितळे' म्हणूनच ठाऊक होती, आणि गावठाणापासून दूर, उंच भिंतींच्या आत असणे हेच त्यांचे पहिले वैशिष्ट्य होते. १९१२ च्या कायद्याप्रमाणे रुग्णाला तेथे दाखल करण्याची वाट बहुधा दंडाधिकाऱ्याच्या हुकमातून जात असे. म्हणजे ज्या दारातून गुन्हेगार तुरुंगात जाई, जवळजवळ त्याच दारातून मनोरुग्ण इस्पितळात जाई. समाजाच्या मनात मानसिक आजाराविषयी जी भीती आणि लाज घर करून राहिली, तिचे एक मूळ या व्यवस्थेतही आहे.

१९४३ मध्ये नेमलेल्या भोर समितीने १९४६ साली आपला अहवाल सादर केला. ग्रामीण भागासाठी प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना या अहवालाने मांडली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. मनोरुग्णालयांच्या दुःस्थितीचीही त्याने दखल घेतली होती, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. सुमारे चाळीस कोटी लोकसंख्येच्या देशात मनोरुग्णांसाठी जेमतेम दहा हजार खाटा होत्या, म्हणजे साधारणपणे चाळीस हजार माणसांमागे एक खाट. समितीच्या शिफारशीनुसार बंगळूर येथे १९५४ साली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली. तिचे आणि तेथील जुन्या मनोरुग्णालयाचे १९७४ मध्ये एकत्रीकरण होऊन आजची 'निमहान्स' ही संस्था अस्तित्वात आली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. एकाच अहवालाच्या पोटी प्राथमिक आरोग्य केंद्राचाही जन्म झाला आणि मानसिक आरोग्य संस्थेचाही. परंतु ही दोन भावंडे पुढे तीस वर्षे एकमेकांच्या घरी गेली नाहीत. केंद्रात देवी, हिवताप, बाळंतपण आणि कुटुंबनियोजन यांचा विचार झाला. मनाचा विचार तज्ज्ञांकडे आणि इस्पितळांकडे राहिला.

अमृतसरचे तंबू आणि वेल्लोरची कुटुंबे

या भिंतीला पहिली खिंड पडली ती कोणत्याही सिद्धांतामुळे नव्हे, तर अडचणीमुळे. अमृतसरच्या मनोरुग्णालयात पन्नाशीच्या दशकात डॉ. विद्यासागर हे प्रमुख होते. रुग्णांची दाटी झालेली, शुश्रूषा करणारी माणसे अपुरी. अशा स्थितीत त्यांनी सैन्याकडून तंबू मागवून ते इस्पितळाच्या आवारात उभारले आणि रुग्णांच्या नातेवाइकांना रुग्णांसोबत राहण्यास बोलावले. आई, भाऊ, पत्नी हीच माणसे रुग्णाला जेवू घालीत, न्हाऊ घालीत, आणि डॉक्टर त्यांना आजाराविषयी समजावून सांगत. परिणाम असा झाला की रुग्ण लवकर सावरून घरी परतू लागले, आणि परतलेल्या रुग्णाला कसे सांभाळावे हे घरच्यांना ठाऊक असल्याने ते घरी टिकूही लागले.

वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाने १९५७ मध्ये मानसिक आरोग्य केंद्र सुरू केले. कॅनडातून आलेल्या मिशनरी मनोविकारतज्ज्ञ डॉ. फ्लॉरेन्स निकोल्स यांनी त्याची उभारणी केली. येथेही रुग्णासोबत घरातील माणसाने राहावे हा नेमच झाला. त्याआधी १९५० मध्ये ई. स्टॅनली जोन्स यांच्या पुढाकाराने लखनौ येथे 'नूर मंझिल' हे मनोविकार केंद्र निघाले होते. पाश्चात्य देशांत त्या काळी कुटुंबाला रुग्णापासून दूर ठेवण्याकडे कल होता. आपल्याकडे मात्र कुटुंब हाच उपचाराचा आधार ठरला. १९५२ च्या सुमारास क्लोरप्रोमाझीन हे औषध वापरात आले आणि प्रक्षुब्ध रुग्णालाही साध्या गोळ्यांनी शांत करता येऊ लागले, त्यामुळे हे प्रयोग अधिक सुकर झाले. गोळी आणि गोतावळा या दोहोंच्या आधारे रुग्णाला घरी सांभाळता येते, हे सिद्ध झाले. मग पुढचा प्रश्न साहजिकच उभा राहिला. घरी सांभाळता येते, तर त्याला घरापासून शंभर कोस दूर आणायचेच कशाला?

मिशन इस्पितळांचे आत्मपरीक्षण

याच सुमारास ख्रिस्ती वैद्यकीय सेवेला वेगळ्याच प्रश्नाने घेरले होते. १९६४ मध्ये जर्मनीतील ट्युबिंगेन येथे जागतिक ख्रिस्ती मंडळ्यांची परिषद आणि लूथरन विश्वसंघ यांच्या वतीने एक विचारसभा भरली. आरोग्यदानाचे कार्य हे केवळ डॉक्टर-परिचारिकांचे नसून संपूर्ण मंडळीचे आहे, असा तिचा निष्कर्ष होता. १९६७ मध्ये तेथेच दुसरी सभा झाली आणि १९६८ मध्ये जिनीव्हा येथे ख्रिस्ती वैद्यकीय आयोग स्थापन झाला. जेम्स मॅकगिल्व्रे हे त्याचे पहिले संचालक होते. मंडळ्यांच्या वैद्यकीय कार्याची पाहणी केल्यावर असे आढळले की त्यांतील सुमारे ९५ टक्के काम इस्पितळातील उपचारांपुरते सीमित होते. भोवतालच्या खेड्यांतील लोक ज्या रोगांनी मरत होते त्यांतील बहुतेक टाळता येण्याजोगे होते, पण ते टाळण्याचे काम कोणीच हाती घेतले नव्हते.

याला उत्तर देणारे जे प्रयोग आयोगाच्या दृष्टीस पडले, त्यांतील एक आपल्या भाषेच्या प्रदेशातील होता. वेल्लोर येथे शिकलेले डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड या दुष्काळी भागात सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. प्रत्येक गावाने निवडलेली एक स्त्री, बहुधा निरक्षर आणि पुष्कळदा दलित समाजातील, ही त्या प्रकल्पाची मुख्य आरोग्यसेविका. तिने गरोदर स्त्रियांची विचारपूस करावी, मुलांचे वजन घ्यावे, हगवणीवर मीठ-साखरेचे पाणी द्यावे, आणि आठवड्यातून एकदा जामखेडला येऊन शिकावे व एकमेकींना शिकवावे, अशी ती पद्धत होती. आयोगाच्या 'काँटॅक्ट' या नियतकालिकाने या प्रयोगाची ओळख जगाला करून दिली. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लोकांच्या सहभागाने चालणाऱ्या आरोग्यप्रकल्पांविषयी जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात जामखेडचा समावेश होता. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

जामखेडचे काम मानसिक आरोग्याच्या नावाने सुरू झाले नव्हते. तरीही आरोग्यसेविकेचे शेजारणीकडे जाणे, बसणे आणि ऐकणे हा त्या कामाचा अविभाज्य भाग होता. ज्या स्त्रीला गावाने आजवर पाणवठ्यावर उभे राहू दिले नव्हते, तिच्याच हाती गावाने आपले मूल दिले. या घटनेतून तिच्या मनाला काय लाभले असेल, याचे मोजमाप कोणत्याही तक्त्यात होण्यासारखे नव्हते. पुढे २००७ मध्ये या भागातील स्त्रियांशी बोलून केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मन कशाने बिघडते असे विचारता या स्त्रियांनी नवऱ्याची मारहाण, दारू, पैशाची ओढाताण आणि सासरी होणारी अवहेलना यांकडे बोट दाखविले. मानसिक आरोग्याची मुळे घराच्या आणि गावाच्या व्यवस्थेत आहेत, हे त्या अनुभवाने जाणत होत्या.

आल्मा-आताची यादी

ख्रिस्ती वैद्यकीय आयोग आणि जागतिक आरोग्य संघटना यांची कार्यालये जिनीव्हात एकमेकांच्या शेजारी होती. १९७३ मध्ये संघटनेचे महासंचालक झालेले डॉ. हाफ्डान माहलर यांनी १९७४ मध्ये आयोगाशी संयुक्त विचारविनिमय सुरू केला. त्याच प्रवाहात ६ ते १२ सप्टेंबर १९७८ या काळात सोव्हिएत कझाकस्तानातील आल्मा-आता येथे आंतरराष्ट्रीय परिषद भरली. १३४ देशांच्या सरकारांचे प्रतिनिधी तिला उपस्थित होते. जाहीरनाम्याच्या मसुद्याला ज्यांचा हातभार लागला त्यांतील डॉ. कार्ल टेलर हे हिमालयातील मिशनरी डॉक्टर दांपत्याचे पुत्र होते.

जाहीरनाम्याच्या आरंभी आरोग्याची व्याख्या शारीरिक, मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्य अशी व्यापक केलेली आहे. परंतु प्राथमिक आरोग्यसेवेत किमान काय असावे हे सांगताना जी आठ कलमे दिली आहेत, त्यांत आरोग्यशिक्षण, अन्न, शुद्ध पाणी, माता-बालसेवा, लसीकरण, स्थानिक साथींचे नियंत्रण, सामान्य रोगांवर उपचार आणि अत्यावश्यक औषधे एवढीच आहेत. मानसिक आरोग्याचा तेथे उल्लेख नाही. परिषदेच्या शिफारशींत मात्र मानसिक आरोग्याच्या संवर्धनाचा शब्द आला आहे. आठ कलमांची यादी जगभरच्या भिंतींवर लागली आणि शिफारशी अहवालाच्या पानांत राहिल्या. व्याख्येत मन होते, कामाच्या यादीत ते नव्हते. पुढील अनेक दशकांचा इतिहास या एका विसंगतीत साठवला आहे, असे म्हटल्यास ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

मराठीत 'प्राथमिक' या शब्दामुळे आणखी एक गैरसमज होतो. प्राथमिक शाळा म्हणजे जशी पहिली पायरी, तशी प्राथमिक आरोग्यसेवा म्हणजे मोठ्या उपचारांच्या आधीची, काहीशी कच्ची सेवा, अशी समजूत रूढ आहे. आल्मा-आताचा अर्थ तो नव्हता. सेवा लोकांच्या दारी असावी, तिच्या नियोजनात लोकांचा भाग असावा, शेती-शिक्षण-पाणी अशा इतर क्षेत्रांशी तिचा मेळ असावा, आणि सर्वांत वंचित माणसाला ती आधी मिळावी, अशी ती एक पद्धती होती. 'प्राथमिक' हे इमारतीचे नाव आहे की पद्धतीचे, हा प्रश्न पुढे निर्णायक ठरला.

रायपूर राणी, सकलवारा आणि कोटा

मानसिक आरोग्याच्या बाजूने या प्रश्नाला हात घालण्याचे श्रेय मुख्यतः भारतीय मनोविकारतज्ज्ञांकडे जाते. १९७४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने विकसनशील देशांतील मानसिक आरोग्यसेवा ही सर्वसामान्य आरोग्यसेवेत सामावून घ्यावी असा सल्ला दिला. त्यानुसार १९७५ पासून सात देशांत प्रयोग झाले. भारतातील प्रयोगाचे ठिकाण होते हरियाणातील रायपूर राणी, आणि तो चंदीगढच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतील डॉ. एन. एन. विग व त्यांच्या सहकाऱ्यांनी चालविला. बंगळूरच्या संस्थेने त्याच सुमारास शहराजवळील सकलवारा या गावी ग्रामीण केंद्र काढून तेथे प्राथमिक केंद्रांतील डॉक्टरांना आणि आरोग्यसेवकांना शिकविण्यास सुरुवात केली. शिक्षणक्रम अगदी साधा होता. डॉक्टरांसाठी सुमारे दोन आठवडे, आरोग्यसेवकांसाठी एक आठवडा. तीव्र मनोविकार, अपस्मार, मतिमंदत्व आणि नैराश्य ही मोजकी लक्षणचित्रे ओळखावयाची, मोजकी औषधे द्यावयाची, आणि रुग्णाच्या घरी जाऊन चौकशी ठेवावयाची.

या काळात हाती आलेली एक माहिती फार बोलकी आहे. कोलंबिया, भारत, सुदान आणि फिलिपाइन्स या चार देशांतील साध्या आरोग्य केंद्रांत आलेल्या १,६२४ रुग्णांची तपासणी करण्यात आली. त्यांपैकी २२५ जणांना, म्हणजे सुमारे १४ टक्क्यांना, मानसिक विकार असल्याचे आढळले. हे अहवाल १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. या रुग्णांपैकी बहुतेकांनी डोकेदुखी, पोटदुखी, खोकला, अशक्तपणा अशा शरीराच्या तक्रारी सांगितल्या होत्या, आणि केंद्रातील कर्मचाऱ्यांना त्यांतील जेमतेम एक तृतीयांश ओळखता आले होते. याचा अर्थ असा की मानसिक आजाराचे रुग्ण प्राथमिक केंद्राबाहेर कोठेतरी दडलेले नव्हते. ते रोज केंद्राच्या ओट्यावर बसलेले होते. डोके जड होते, छातीत धडधडते, रात्री डोळा लागत नाही, असे सांगत होते. त्यांना गोळी मिळत होती, पण त्यांचे ऐकून कोणी घेत नव्हते.

कर्नाटकाच्या किनाऱ्यावरील कोटा गावात डॉ. आर. एल. कपूर आणि डॉ. मॉरिस कार्स्टेअर्स यांनी केलेल्या अभ्यासाचा ग्रंथ १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. कार्स्टेअर्स हे राजस्थानात काम करणाऱ्या स्कॉटिश मिशनरी दांपत्याचे पुत्र. ब्राह्मण, बंट आणि मोगेर या तीन समाजांतील माणसांशी बोलून त्यांनी दाखवून दिले की मनाची व्यथा ही शहरी किंवा सुशिक्षितांचीच नसून खेड्यातही ती सर्वत्र आहे, आणि व्यथित माणूस डॉक्टरकडेही जातो व मांत्रिकाकडेही जातो. त्याला दोहोंत विसंगती वाटत नाही. ज्याच्याकडे आपले गाऱ्हाणे ऐकले जाईल असे त्याला वाटते, तेथे तो जातो. गावातील पाळकालाही हे नवीन नाही.

राष्ट्रीय कार्यक्रम आणि बल्लारी

या सर्व अनुभवांच्या आधारे १९८२ च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय आरोग्य परिषदेने राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम स्वीकारला. इतका व्यापक कार्यक्रम त्या काळी फारच थोड्या विकसनशील देशांनी स्वीकारलेला होता. त्याची उद्दिष्टे तीन. किमान मानसिक आरोग्यसेवा सर्वांना, विशेषतः दुर्बलांना, उपलब्ध करून देणे. सर्वसामान्य आरोग्यसेवेत आणि सामाजिक विकासात मानसिक आरोग्याच्या ज्ञानाचा उपयोग करणे. आणि या कार्यात समाजाचा सहभाग वाढविणे. आल्मा-आताचा प्रतिध्वनी त्यांत स्पष्ट ऐकू येतो.

कागदावरील हा कार्यक्रम जिल्ह्याच्या पातळीवर पेलेल का, हे पाहण्यासाठी १९८५ ते १९९० या काळात कर्नाटकातील बल्लारी जिल्ह्यात प्रयोग झाला. जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे वीस लाख. प्राथमिक केंद्रांतील डॉक्टरांना व कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण, मोजक्या औषधांचा नियमित पुरवठा, साधी नोंदवही, मासिक आढावा आणि जिल्ह्याच्या ठिकाणी एक तज्ज्ञ पथक, एवढीच त्याची सामग्री होती. ज्यांना बंगळूर किंवा धारवाड गाठणे कधी शक्य झाले नसते असे रुग्ण आपल्याच तालुक्यात औषध घेऊ लागले. वर्षानुवर्षे फेफरे येत असलेल्या मुलांना स्वस्त गोळीने आराम पडला. बल्लारीच्या नमुन्यावर १९९६ मध्ये चार जिल्ह्यांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. आज सातशेहून अधिक जिल्ह्यांसाठी तो मंजूर आहे.

उणीव कोठे राहिली

येथपर्यंतचा इतिहास प्रगतीचा वाटतो. परंतु आकड्यांची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे दिसून आले की प्रौढांपैकी सुमारे दहापैकी एकाला त्या वेळी मानसिक विकार होता, आणि निरनिराळ्या विकारांनी ग्रस्त असलेल्यांपैकी ७० ते ९२ टक्के लोक उपचाराविना होते. राष्ट्रीय कार्यक्रम सुरू होऊन तोवर तेहतीस वर्षे उलटली होती.

याची कारणे अनेक. पैसा उशिरा आला, मनोविकारतज्ज्ञांची पदे रिकामी राहिली, औषधांचा पुरवठा खंडित झाला. परंतु मूळ कारण याहून खोल आहे. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या तीन उद्दिष्टांपैकी पहिले कसेबसे तग धरून राहिले आणि तिसरे, म्हणजे समाजाचा सहभाग, हळूहळू गळून पडले. उत्तर प्रदेशातील कार्यक्रमाचा अभ्यास करून सुमीत जैन आणि सुश्रुत जाधव यांनी २००९ मध्ये नेमके हेच दाखविले. धोरणात लोकसहभागाची भाषा होती, पण केंद्रापर्यंत पोचेतो तिचे रूपांतर केवळ औषधवाटपात झाले होते. प्रशिक्षित डॉक्टरची बदली झाली की त्याचे ज्ञानही त्याच्यासोबत गेले. आरोग्यसेविकेकडे आधीच लसीकरणाची, बाळंतपणाची आणि नोंदींची कामे होती. त्यांत आणखी एक रकाना वाढला, पण ऐकून घेण्यासाठी लागणारा वेळ कोणी वाढवून दिला नाही. थोडक्यात, मानसिक आरोग्याने प्राथमिक आरोग्यसेवेची इमारत घेतली, पद्धती घेतली नाही.

सेवा पोहोचली नाही म्हणून लोक थांबले नाहीत. ते आपापल्या श्रद्धेच्या ठिकाणी गेले. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे, दर्ग्याच्या परिसरातील एका खाजगी आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळीने बांधून ठेवलेले पंचवीसहून अधिक मनोरुग्ण जळून मृत्यू पावले. त्यांच्या नातेवाइकांनी त्यांना तेथे दुष्टपणाने सोडले होते असे नव्हे. दुसरे दार त्यांना सापडले नव्हते. रुग्णाला साखळीने बांधण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने स्पष्ट मनाई केली, आणि मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरविला. कायद्याने साखळी तोडली तरी रुग्णाला सांभाळणारा हात कायदा निर्माण करू शकत नाही, हेही तितकेच खरे.

गोव्यातील प्रयोग

पद्धती स्वीकारली तर काय घडते, याचे उत्तर गोव्याने दिले. १९९६ मध्ये तेथे 'संगत' ही संस्था डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थापन केली. गोव्यातील माणसे आपल्या मनाची अवस्था 'नैराश्य' अशा शब्दाने सांगत नाहीत. 'टेन्शन' आले आहे, झोप येत नाही, अंग दुखते, असे सांगतात. हे ओळखून २००७ ते २००९ या काळात 'मानस' नावाचा प्रयोग करण्यात आला. बारा सरकारी आरोग्य केंद्रे आणि बारा खाजगी दवाखाने त्यात सामील झाले. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या स्थानिक व्यक्तींना सुमारे दोन महिन्यांचे प्रशिक्षण देऊन समुपदेशक म्हणून केंद्रात बसविले. त्यांनी रुग्णाचे ऐकावयाचे, त्याची लक्षणे त्याला समजावून द्यावयाची, नात्यांतील ताण कसा सोडवावा यावर त्याच्याशी बोलावयाचे. आवश्यक तेथेच डॉक्टरने औषध द्यावयाचे, आणि तज्ज्ञाने अधूनमधून येऊन अडलेल्या रुग्णांविषयी सल्ला द्यावयाचा.

२०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सरकारी केंद्रांत हा लाभ मिळालेल्या रुग्णांपैकी सुमारे ६६ टक्के सहा महिन्यांत बरे झाले होते. नेहमीच्याच पद्धतीने उपचार झालेल्यांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के होते. खाजगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही. तेथील डॉक्टर आपल्या रुग्णांना आधीपासूनच ओळखत आणि त्यांना वेळ देत असावेत, असे त्याचे एक स्पष्टीकरण अभ्यासकांनी दिले. हे स्पष्टीकरण बरोबर असेल तर त्यातून निघणारा धडा एकच आहे. ओळख आणि सवड जेथे आहे तेथे रुग्ण सावरतो, आणि जेथे ती नाही तेथे ती योजनापूर्वक निर्माण करावी लागते.

महाराष्ट्रातही या दिशेने पावले पडली. नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यात २०१३ मध्ये 'आत्मीयता' हा उपक्रम सुरू झाला आणि पुढे २०१७ पासून तो गुजरातेतील मेहसाणा जिल्ह्यात विस्तारला. गावातील विश्वासू स्त्री-पुरुषांनीच व्यथित शेजाऱ्याला आधार द्यावा, आणि गरज भासल्यास त्याला आरोग्यसेवेपर्यंत किंवा सरकारी योजनेपर्यंत न्यावे, अशी त्याची रचना आहे. जामखेडच्या आरोग्यसेविकेचा वारसा येथे मनाच्या क्षेत्रात उतरलेला दिसतो.

समारोप

या आढाव्यातून तीन गोष्टी हाती लागतात. पहिली अशी की मानसिक आरोग्य ही प्राथमिक आरोग्यसेवेवर वरून लादलेली बाब नव्हे. मनाने व्यथित माणूस त्या सेवेच्या दारी पहिल्या दिवसापासून उभा आहे. दुसरी अशी की साधी माणसे, योग्य प्रशिक्षण आणि सतत पाठबळ मिळाल्यास, या कामाचा मोठा भाग करू शकतात. मात्र पाठबळ तुटले की प्रशिक्षण वाया जाते, हे बल्लारीनंतरच्या अनुभवाने शिकविले. तिसरी अशी की औषध आवश्यक असले तरी पुरेसे नाही. अमृतसरच्या तंबूपासून गोव्याच्या केंद्रापर्यंत जेथे जेथे यश आले, तेथे रुग्णाजवळ बसणारे कोणीतरी होते.

ट्युबिंगेनच्या सभेने आरोग्यदान हे संपूर्ण मंडळीचे कार्य आहे असे म्हटले, तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर मुख्यतः शरीराचे रोग होते. परंतु तो विचार मनाच्या बाबतीत अधिक काटेकोरपणे लागू पडतो. शस्त्रक्रिया मंडळी करू शकत नाही. व्यथिताचे ऐकणे, त्याच्या कुटुंबाला एकाकी पडू न देणे, आजाराला पाप किंवा भूतबाधा न म्हणणे, औषध वेळेवर घेतले जाते की नाही हे पाहणे, आणि गरज पडेल तेव्हा जवळच्या केंद्रापर्यंत सोबत जाणे, हे मात्र तिच्या आवाक्यातील आहे. हे करताना प्रार्थनेला औषधाची प्रतिस्पर्धी मानण्याचे कारण नाही, आणि औषधाला प्रार्थनेची. कोटा गावातील माणसाने दोहोंत विरोध पाहिला नाही. आपणही तो निर्माण करू नये.

भोर समितीच्या अहवालापासून निघालेली ती दोन भावंडे अजून पुरती एका घरी नांदू लागलेली नाहीत. तज्ज्ञ, शासन आणि कायदा यांनी आपापला भाग उचलला पाहिजे, यात शंका नाही. परंतु आरोग्य केंद्राच्या ओट्यावर डोके धरून बसलेल्या माणसाला 'काय होते आहे?' असे विचारून त्याचे उत्तर संपेपर्यंत थांबण्याचे काम त्यांच्यावर सर्वस्वी सोपवून चालणार नाही. त्या कामासाठी पदवी लागत नाही. आपल्या मंडळ्यांत ते करण्यास किती जण तयार आहेत, याचा विचार प्रत्येक पाळकाने आणि प्रत्येक वाचकाने करावा.